बांधण्याआधी लागणारं

वाल्दिविआत पहाटेचे तीन.
खाली नदीकाठी, मासळीबाजाराच्या फळ्यांवर
समुद्रसिंह भुंकतायत, एकमेकांची जागा बळकावत.
एर्मिंदा कात्रिलेओ शेगडीत ओलं लाकूड सारते.
ते पेटत नाही, नुसतं कुरकुरतं.
पडद्यावर बांधणी चालू : चारशे बारांपैकी
दोनशे सहा.

तिच्या नावावर एकतीस पॅकेजं आहेत.
पगार नाही. कुणी नेमलेलंही नाही.
फेरीबोटीच्या कचेरीत ती तिकिटांचा हिशेब ठेवायची तेव्हा
भरती-ओहोटीच्या गणिताचं एक पॅकेज बेवारस पडलं होतं,
आणि फेरीला तर भरती लागतेच,
म्हणून घेतलं.
बाकीची तीस मागोमाग आली,
शेळी घेतली आणि ती गाभण निघाली, तसं.

आता नव्या प्रोसेसरचं यंत्र आलंय. कोरं.
सगळं पहिल्यापासून बांधायचं.
आणि भरतीला लागतो आलेख काढणारा,
आलेखवाल्याला माहितीपुस्तक छापणारा,
छापणाऱ्याला अक्षरं,
अक्षरांच्या चाचणीला एक नमुन्याचा तक्ता,
आणि तो तक्ता कुणीतरी, कधीतरी,
भरतीचाच घेतलेला.
चौघं एकमेकांच्या ओट्यावर बसून
एकमेकांची वाट बघतायत.

दही लावायचं तर आधी दही पाहिजे,
हे एर्मिंदाला शिकवायला नको.
खिडकीतल्या बरणीत तिचेही पांढरे दाणे आहेत,
तिकडे त्यांना पाखरं म्हणतात,
दुधात सोडली की रात्रीतून दूध आंबतं.
ती विकत घ्यायची नसतात, कुणीतरी द्यायची असतात.
हिला नोल्फानं दिली, नोल्फाला तिच्या नणंदेनं,
आणि नणंदेला कुणी, असं विचारलं
तर नोल्फा नणंदेची गाऱ्हाणीच सांगत बसते.

काल संध्याकाळी तिनं यादी उघडली :
बांधण्याआधी लागणारं. एकोणीस नावं.
सतरावा, आलेख काढणारा.
शेजारी चौदा वर्षांपूर्वीची टीप :
"काढू नका. एंदेल."
गणिताला चित्र कशाला हवं?
एंदेलला विचारावं, तर पत्र परत येतं.
शेवटच्या निरोपात म्हणाला होता,
बर्फ वितळला की बघतो.
त्यालाही सहा हिवाळे झाले.
तिनं ओळ काढली.

तीच ही बांधणी.
तीनशे. तीनशे नव्वद. शेगडी आता कुठे धरते.
चारशे अकराव्यावर आपटली.
लाल अक्षरांत एकच चाचणी नापास :
पार्नू बंदर. आलेख काढा.
रेघ सपाट आली पाहिजे.

ती नकाशा काढते. एस्टोनिआ.
तिथल्या समुद्राला भरती जवळजवळ येतच नाही.
जगातली एवढी बंदरं सोडून
या बाबाजीनं आपलं गाव घातलं,
काही न घडणंसुद्धा नीट उमटतंय का, ते बघायला.
ती एकटीच मोठ्यानं हसते,
मग बराच वेळ हसत नाही.

ओळ परत घालते.
पुढे कोनाकंसात एक खूण : फक्त चाचणीपुरता.
म्हणजे कोऱ्या यंत्राला पहिल्या खेपेला सूट,
चित्र नको, पार्नू नको,
नुसती भरती सांग, ओबडधोबड.
मिरचीचे देठ टाकून लावलेलं पहिलं दही असतं ना,
बेचव, तारा सुटणारं;
ते खायचं नसतं,
पुढच्या भांड्याला बोटभर लावायचं असतं.
मग अक्षरं, मग छापणारा, मग आलेखवाला,
आणि सगळ्यांत शेवटी पुन्हा भरती,
या वेळी पार्नूसकट.

एंदेलच्या टिपेखाली ती लिहिते :
"खरंच काढू नका. ए. का."
कारण लिहावं की नाही, यावर थोडी घुटमळते.
मग लिहिते. पुढच्याची रात्र वाचेल.

साडेसातला दार वाजतं.
नोल्फा, हातात रिकामी बरणी.
तिची पाखरं मेली म्हणे, गावाला गेली होती,
दूध बदलायचं राहिलं.
"नणंदेकडे मात्र मी मागायची नाही."
एर्मिंदा गाळणं शोधते.
मागे पडद्यावर, शून्यापासून,
बारा. तेरा.